रस्ता कोणासाठी, आणि कोणाच्या उंबऱ्यावरून?

काशीच्या घाटांवरून दक्षिणेकडे, म्हणजे गंगेच्या प्रवाहाच्या उलट दिशेला पाहिले की पैलतीरावर चुनारच्या दगडात बांधलेला एक किल्ला दिसतो. तो रामनगरचा किल्ला. १७५० च्या सुमारास बलवंतसिंहाने तो बांधविला आणि काशीनरेशांची गादी तेथे राहिली. देशभरातून येणारे यात्रेकरू किल्ला पाहतात व परत जातात. किल्ल्यामागच्या वस्तीला चिरून जाणाऱ्या रस्त्याकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष जात नाही. हा रस्ता उत्तरेस पडावपाशी सुरू होतो. डोमरी, कटेसर या खेड्यांना शिवत रामनगरच्या बाजारात शिरतो आणि दक्षिणेस टेंगरा मोडावर वाराणसीच्या बाह्यवळण महामार्गाला मिळतो. गेल्या काही वर्षांत तो चौपदरी करण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यासाठी कडेच्या दुकानांच्या फळ्या, घरांच्या ओसऱ्या आणि कित्येक ठिकाणी घरांचे अर्धे अंगही बुलडोझरखाली गेले.

रस्ता रुंद होत आहे, तेव्हा प्रगती होत आहे, असे शासनकर्ते सांगतात. मध्यमवर्गातील मोठा भाग ते मानतोही. या विधानाची तपासणी करण्यास रामनगरइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. कारण याच परिसरात जनतेला खरोखर उपयोगी पडलेला रस्ताही आहे आणि जनतेच्या डोक्यावरून काढलेला रस्ताही आहे. दोहोंतील फरक डांबराच्या थरात शोधून सापडणार नाही. रस्ता कोठून न्यायचा, किती रुंद करायचा आणि त्याची किंमत कोणाकडून वसूल करायची हे कोण ठरवितो, यात तो फरक आहे.

दक्षिणेकडे जाणारी जुनी वाट

मराठी वाचकाला हा रस्ता वाटतो तितका परका नाही. वाराणसीहून निघून टेंगरा मोड, नारायणपूर, मिर्झापूर, रीवा, जबलपूर, नागपूर, हिंगणघाट, पांढरकवडा असे करीत कन्याकुमारीपर्यंत जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ हा देशातील सर्वांत लांब महामार्ग होता. २०१० च्या पुनर्क्रमांकनात त्याचे तुकडे पडले व त्यांना वेगवेगळे क्रमांक मिळाले. वाट मात्र तीच राहिली. विदर्भातील ज्या गावकऱ्याने या वाटेचा दक्षिणेकडील तुकडा रुंद होताना पाहिला आहे, त्याला रामनगरमध्ये काय घडत आहे हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

वाट फार जुनी आहे. नारायणपूरहून दक्षिणेस वळणाऱ्या फाट्यावर अहरौरा लागते. तेथील खडकावर अशोकाचा एक लघुशिलालेख १९६१ साली उजेडात आला. राजाज्ञा लोकांच्या नजरेस पडावी अशाच जागी कोरली जाई. तेव्हा या भागात सव्वादोन हजार वर्षांपूर्वीही माणसांची ये-जा होती, असे समजण्यास हरकत नाही. अशा वाटांच्या कडेने वस्त्या वाढतात. आधी पाणपोई, मग चहाची टपरी, मग सायकलदुरुस्ती, मग आठवड्याचा बाजार. रामनगरचा बाजार असाच वाढला. येथे बनारसी साड्या विणणारे विणकर आहेत, नावाडी आहेत, दूध-दही-लस्सीचे दुकानदार आहेत, भाजीपाला पिकविणारे लहान शेतकरी आहेत. येथल्या गोल, पांढरट-हिरव्या, वजनदार वांग्याला, ज्याला स्थानिक भाषेत ‘भंटा’ म्हणतात, २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावता येते. पण वांगी विकण्यासाठी रस्त्याच्या कडेला चार हात जागा लागते. रुंदीकरणाच्या नकाशात नेमकी तीच जागा मोकळी दाखविलेली असते.

वस्तीसाठी रस्ता

रामनगरची रामलीला जगप्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराजा उदितनारायण सिंहाच्या काळात तिला आजचे स्वरूप येऊ लागले. सुमारे महिनाभर चालणाऱ्या या लीलेला एकच असे रंगमंच नाही. अयोध्या एका ठिकाणी, जनकपूर दुसऱ्या, पंचवटी तिसऱ्या आणि लंका गावाबाहेरच्या मैदानात, अशी कथेतील स्थळे सबंध नगरात आणि भोवतालच्या शेतशिवारात विखुरलेली आहेत. पात्रे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चालत जातात आणि हजारो प्रेक्षक त्यांच्यामागोमाग चालतात. विजेचे दिवे नाहीत, ध्वनिवर्धक नाहीत. पेट्रोमॅक्स, मशाली आणि मानवी कंठ एवढ्यावर लीला चालते. भारतातील रामलीला-परंपरेला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान आहे आणि त्या परंपरेत रामनगरचे नाव अग्रभागी घेतले जाते.

संस्थानिकांचे गोडवे गाण्याचे येथे काहीच कारण नाही. बनारस संस्थान १९४९ साली उत्तर प्रदेशात विलीन झाले ते इतिहासाच्या न्यायानेच. हत्तीवर बसून लीला पाहणारा राजा आणि धुळीत बसून पाहणारी रयत हे त्या व्यवस्थेचेच चित्र होते. तथापि एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. महिनाभर दररोज संध्याकाळी म्हातारी माणसे, कडेवर मूल घेतलेल्या स्त्रिया, दिवसभर माग चालवून आलेले विणकर ज्या गावातून अंधारात निर्धास्त पायी चालू शकतात, त्या गावाचे रस्ते चालणाऱ्यांचे असतात. त्या गावातून चारपदरी वाहतूक भरधाव सोडली, तर नुसती दुकानेच जात नाहीत. रस्ता ओलांडण्याचा हक्कही जातो. आणि वारशाचा अभिमान मिरविणारे शासन वारशाच्या वाटेवर दुभाजक उभा करते, या विसंगतीची नोंद कोणत्याही उद्घाटनाच्या भाषणात होत नाही.

दोन उदाहरणे: एक पूल, एक बंदर

रस्ते नकोत, असे रामनगरच्या जनतेने कधीही म्हटलेले नाही. उलट एका पुलासाठी तिने वर्षानुवर्षे वाट पाहिली. रामनगर आणि पलीकडचा सामने घाट यांच्यामध्ये गंगा आहे. कोरड्या ऋतूत पिपे जोडून तरता पूल उभारला जाई आणि पावसाळ्यात तो काढून घेतला जाई. मग पैलतीरी, काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या रुग्णालयात जाण्यासाठी नावेने पूर ओलांडावा, नाहीतर पडावला जाऊन १८८७ साली बांधलेल्या, आता मालवीय पूल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रेल्वे-रस्ता पुलावरून संपूर्ण शहर पार करावे, एवढेच दोन मार्ग उरत. अडलेली बाळंतीण असो, सर्पदंश झालेला शेतमजूर असो, त्या वळशातील वेळ त्याला परवडणारा नव्हता. दीर्घकाळ रखडलेला सामने घाटाचा पक्का पूल अखेर २०१७ साली खुला झाला. त्याने विद्यार्थ्याला वर्ग जवळ आणला, रुग्णाला खाट जवळ आणली, भाजीवाल्याला बाजार जवळ आणला. अशा पुलाला कोण विरोध करील?

दुसरे उदाहरण बंदराचे. रामनगरलगत राल्हूपूर येथे गंगेवर बहुविध वाहतुकीचे टर्मिनल बांधण्यात आले. सुमारे २०७ कोटी रुपयांच्या या प्रकल्पाचे १२ नोव्हेंबर २०१८ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. ते या मतदारसंघाचे खासदारही आहेत. कोलकात्याहून आलेल्या मालवाहू नौकेचे स्वागत झाले. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने चाललेल्या जलमार्ग विकास प्रकल्पाचा हा भाग. पुढे पहिल्या काही वर्षांत तेथे अपेक्षेच्या मानाने अत्यल्प माल हाताळला गेला. जहाजे आली नाहीत; पण जमिनीची मागणी थांबली नाही. टर्मिनलला जोडून मालसाठ्याची व वाहतुकीची नगरी उभारावी म्हणून ताहिरपूर, मिल्कीपूर, राल्हूपूर परिसरातील सुपीक जमीन हवी झाली आणि तेथील शेतकऱ्यांना विरोधासाठी उभे राहावे लागले.

पुलाची मागणी खालून आली होती. बंदराची आखणी वरून आली. पुलाचा उपयोग पहिल्या दिवसापासून झाला. बंदर मालाची वाट पाहात बसले. नियोजनातील लोकशाही ही केवळ तत्त्वाची चैन नसून तिजोरीच्या हिशेबाचीही बाब आहे, हे या दोन शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या बांधकामांवरून कोणालाही पटावे.

लाल खूण आणि कायदा

रुंदीकरणाची रीत ठरलेली आहे. मोजणी करणारे येतात, भिंतीवर लाल खूण करतात आणि खुणेच्या अलीकडचा भाग ‘अतिक्रमण’ म्हणून जाहीर होतो. एकदा हा शब्द उच्चारला की नुकसानभरपाईचा प्रश्नच मिटतो. आजोबांच्या काळापासूनचे घर एका खुणेने गुन्हेगार ठरते. रस्त्याची मूळ हद्द कोणत्या कागदावर आहे, ती केव्हा आखली, मधल्या काळात नगरपालिकेने त्याच दुकानाकडून कर कसा घेतला, वीज मंडळाने जोडणी कशी दिली, हे प्रश्न विचारण्याइतकी सवड लोकांना दिली जात नाही.

या रीतीवर सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कठोर ताशेरे ओढले. प्रकरण उत्तर प्रदेशातीलच, महाराजगंजचे. २०१९ च्या सप्टेंबरात राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणासाठी तेथे एका पत्रकाराचे वडिलोपार्जित घर पाडण्यात आले. लेखी नोटीस नाही, केवळ दवंडी. अतिक्रमण होते असे शासनाचे म्हणणे क्षणभर मान्य केले तरी ते ३.७० मीटरचे, पाडले गेले त्याहून कितीतरी अधिक. न्यायालयाने ही कृती मनमानी व बेकायदेशीर ठरवून २५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई देण्याचा आदेश दिला. पुढे, रुंदीकरण करणाऱ्या प्रत्येक राज्याने काय केले पाहिजे याचा क्रम घालून दिला: प्रथम अभिलेखानुसार रस्त्याची विद्यमान रुंदी निश्चित करावी, मग सर्वेक्षण करून अतिक्रमण आहे की नाही हे पाहावे, असल्यास रीतसर नोटीस द्यावी, हरकत आल्यास कारणांसहित निर्णय द्यावा, तो निर्णय विरुद्ध गेल्यास जागा सोडण्यास पुरेसा अवधी द्यावा, आणि रस्त्याची शासकीय जमीन अपुरी असल्यास कायद्याने भूसंपादन करावे. हा क्रम सर्व राज्यांना कळविण्याचे आदेशही झाले.

हा निकाल श्रमजीवी जनतेच्या हातातील उपयुक्त हत्यार आहे. मात्र निकाल आपोआप खाली उतरत नाही. जिल्हा कचेरीच्या कपाटात पडलेला निकाल बुलडोझर अडवू शकत नाही. तो वाचून दाखविणारी, नोटिशीला लेखी हरकत घेणारी, मोजणीच्या वेळी गटागटाने हजर राहणारी संघटित माणसे लागतात.

कायद्याने मान्य केलेले दुसरेही हक्क आहेत. रस्त्यावरील विक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्यानुसार शहरी क्षेत्रात विक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हुसकावता येत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ‘बाधित कुटुंब’ या संज्ञेत केवळ जमीनमालकाला धरलेले नाही. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रात काम करणारे शेतमजूर, कुळे, वाटेकरी, कारागीर, ज्यांची मुख्य उपजीविका जाते, तेही बाधितच आहेत. कारागीर व लहान व्यापारी यांना किमान २५ हजार रुपयांच्या एकरकमी साहाय्याची तरतूदही आहे. रक्कम तुटपुंजी खरीच. पण तिच्यामागचे तत्त्व मोठे आहे. सातबाऱ्यावर अथवा खतौनीवर नाव नसलेला माणूसही काही गमावत असतो, हे राज्यसंस्थेने त्यात कबूल केले आहे.

आणि म्हणूनच शासनाला रुंदीकरण ‘अस्तित्वातील हद्दीत’ दाखविणे सोयीचे असते. संपादन झालेच नाही, तर बाधित कोणी नाही. बाधित नाही, तर पुनर्वसन नाही. लस्सीचे दुकान भाड्याने चालविणारा, पानाची टपरी मांडणारा, सायकलचे पंक्चर काढणारा, दुसऱ्याच्या जमिनीत वाटेकरी म्हणून भंटा पिकवून तो रस्त्याच्या कडेला विकणारा, या सर्वांना कोणत्याही यादीत नाव नाही. रस्त्यावर सर्वांत अधिक ज्याची उपजीविका अवलंबून, तोच रस्त्याच्या हिशेबात शून्य.

नारायणपूरपासून पुढे

रामनगरहून नारायणपूरला पोहोचले की दक्षिणेस राज्य महामार्ग क्रमांक ५-अ फुटतो. हाच वाराणसी–शक्तिनगर मार्ग. अहरौरा, सुकृत, मधुपूर, रॉबर्ट्‌सगंज, चोपन, डाला, हाथीनाला, रेणुकूट, अनपरा ही त्यावरची गावे. १९८९ पर्यंत मिर्झापूर जिल्ह्यात असलेला दक्षिणेचा सारा भाग आता सोनभद्र जिल्हा म्हणून ओळखला जातो. दोन पदरी, वळणावळणाच्या या रस्त्याने उत्तर भारताच्या औद्योगिकीकरणाचा भार वर्षानुवर्षे वाहिला. १९५४ ते १९६२ या काळात रिहंद धरण बांधले गेले आणि शंभराहून अधिक गावे पाण्याखाली गेली. पाठोपाठ रेणुकूटचा ॲल्युमिनियम कारखाना, ओब्रा, अनपरा आणि शक्तिनगरची औष्णिक वीज केंद्रे, सिंगरौलीच्या कोळशाच्या खाणी, डाला-चुर्कचे सिमेंट कारखाने उभे राहिले. कोळशाचे ट्रक याच वाटेने उत्तरेकडे येतात आणि मुगलसरायजवळच्या चंदासीच्या कोळसा बाजारात रिकामे होतात. रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या आदिवासी व दलित वस्त्यांच्या वाट्याला काय आले? धूळ, राख आणि अपघात. हिंदी वृत्तपत्रांनी या रस्त्याला ‘किलर रोड’ हे नाव देऊन टाकले, एवढे ते नित्याचे झाले होते.

याच रस्त्यावरील डाला येथे २ जून १९९१ रोजी, शासकीय सिमेंट कारखाना खासगी उद्योगसमूहाला विकण्याविरुद्ध आंदोलन करणाऱ्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि नऊ जणांचा बळी गेला. कारखान्याचे खासगीकरण प्रथम गोळ्यांनी आले. त्याच वाटेवर रस्त्याचे खासगीकरण दोन दशकांनी, अधिक सभ्य भाषेत, करारपत्राने आले. ‘सार्वजनिक-खासगी भागीदारी’च्या तत्त्वावर नारायणपूर ते हाथीनाला हा सुमारे ११५ किलोमीटरचा भाग चौपदरी झाला आणि त्यावर टोलनाके बसले. हाथीनाल्याच्या पुढे शक्तिनगरपर्यंतचा, म्हणजे कारखाने आणि खाणींमधून जाणारा सर्वाधिक अवजड वाहतुकीचा भाग मात्र कराराच्या बाहेर राहिला. गुंतवणुकीचे गणित जेथे जुळले तेथे चार पदर, आणि जेथे माणसे सर्वाधिक मरत होती तेथे प्रतीक्षा, असा हा न्याय होता. भागीदारीतील ‘सार्वजनिक’ म्हणजे जमीन आणि जोखीम. ‘खासगी’ म्हणजे वसुली.

चार पदर झाले की अपघात घटतात, हा समज तपासून पाहिला पाहिजे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्याच आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. सर्वाधिक मृत्यू उत्तर प्रदेशात, २२,५९५. राष्ट्रीय व राज्य महामार्ग मिळून देशातील रस्त्यांच्या एकूण लांबीचा सुमारे विसावा हिस्सा भरतात. मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा सुमारे साठ टक्के आहे. मृतांपैकी जवळजवळ बत्तीस हजार आठशे पादचारी होते आणि सुमारे अडुसष्ट टक्के मृत्यू ग्रामीण भागात झाले. अर्थात यात मरणारा माणूस बहुधा गाडीच्या आत नसतो. तो शाळेतून घरी येणारा, विहिरीवर जाणारा, बसची वाट पाहणारा, सायकलवरून पाळीला निघालेला असतो. वेग वाढवून त्याच्यासाठी भुयारी वाट, पदपथ, गतिरोधक, दिवे आणि बसथांबा यांची तरतूद न करणे म्हणजे प्रवाशाची वाचलेली पंधरा मिनिटे गावकऱ्याच्या आयुष्यातून कापून घेणे होय.

जंगलपट्ट्यात तर विचारण्याची औपचारिकताही उरलेली नाही. २००६ च्या वनाधिकार कायद्यानंतर वनजमीन वळती करण्यापूर्वी ग्रामसभेची संमती आवश्यक ठरली होती. ५ फेब्रुवारी २०१३ च्या परिपत्रकाने केंद्रातील तत्कालीन शासनाने रस्ते, कालवे, वीजवाहिन्या अशा ‘रेषीय’ प्रकल्पांना या अटीतून सामान्यतः मोकळे केले. युक्तिवाद असा की रेषा बारीक असते, तिने कोणाचे फारसे बिघडत नाही. नकाशावर रेषा बारीकच दिसते. जमिनीवर ती मोहाच्या झाडांना वस्तीपासून, गुरांना चराईपासून आणि शेताला पाण्यापासून तोडते.

महाराष्ट्रातही तोच नकाशा

हे उत्तर प्रदेशापुरते नाही. राज्यांतील सरकारांचे रंग वेगळे असले तरी नकाशा काढणारी पट्टी एकच आहे. महाराष्ट्रात मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा. तो ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झाला. तत्पूर्वीच नागपूर ते गोव्याच्या सीमेपर्यंत सुमारे ८०० किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाची घोषणा झालेली होती. त्याविरुद्ध कोल्हापूर, सांगलीपासून मराठवाड्यापर्यंत शेतकरी रस्त्यावर उतरले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीतील फटक्यानंतर आणि विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यापुरते संपादन मागे घेतल्याचे जाहीर करावे लागले. निवडणूक पार पडली आणि २४ जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने प्रकल्पाच्या भूसंपादनासाठी निधीला मंजुरी दिली. मतदानापूर्वी जनता ‘अन्नदाता’ असते, मतदानानंतर ती ‘अडथळा’ होते.

येथेही कायद्याची पळवाट आधीच तयार ठेवलेली होती. २०१८ साली महाराष्ट्राने केंद्रीय भूसंपादन कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून १९५५ च्या राज्य महामार्ग कायद्याखालील संपादनाला सामाजिक परिणामांच्या अभ्यासातून सूट दिली. भरपाईचे दर ठेवले. ‘हा रस्ता हवा आहे काय, आणि कोणत्या वाटेने?’ हा प्रश्न विचारण्याचा हक्क तेवढा काढून घेतला. याउलट गावागावांना जोडणारे जुने दोन पदरी राज्य महामार्ग, ज्यांवरून एस.टी. धावते, ऊस कारखान्याला जातो आणि विद्यार्थी तालुक्याच्या शाळेत पोहोचतो, ते खड्ड्यांनी भरलेले आहेत. नव्या द्रुतगती मार्गाला प्रवेशद्वारे मोजकी. कडेच्या शेतकऱ्याच्या बैलगाडीला त्यावर पाऊल ठेवण्याची मुभा नाही. ज्याच्या जमिनीवरून रस्ता गेला त्यालाच पलीकडच्या शेतात जाण्यासाठी वळसा पडतो.

आक्षेप आणि उत्तर

यावर ठरलेला आक्षेप येतो: हे विकासविरोधी आहेत. रस्ता अरुंद ठेवला तर रुग्णवाहिका कशी जाईल, कारखाना कसा येईल, रोजगार कसा मिळेल? प्रश्न प्रामाणिकपणे विचारला असेल तर त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. रामनगरच्या बाजारात वाहतूक तुंबत होती हे खरे आहे. सोनभद्रच्या दोन पदरी रस्त्यावर समोरासमोर टकरी होत होत्या हेही खरे आहे. रस्ता सुधारणे आवश्यकच होते. पण सुधारणेचा एकच मार्ग असतो, आणि तो कडेच्या माणसाला हटविण्याचाच असतो, हे गृहीत चुकीचे आहे. अवजड वाहतूक वस्तीबाहेरून वळविता येते. मुगलसरायसारखे महत्त्वाचे रेल्वेकेंद्र उशाशी असताना कोळसा व सिमेंट अधिकाधिक रेल्वेने नेता येते. वस्तीच्या आत दोन चांगले पदर, रुंद पदपथ आणि विक्रेत्यांसाठी आखलेली जागा हे तिन्ही एकत्र नांदू शकतात. वळणमार्ग काढला तर त्याच्या कडेची जमीन आधीच माहिती मिळालेल्या दलालांच्या हाती जाऊ नये आणि जुन्या बाजाराचा धंदा बसू नये, याची व्यवस्थाही करता येते. हे पर्याय अभियंत्यांना ठाऊक असतात. त्यांचा विचार होत नाही, कारण विचार करण्याच्या खोलीत टपरीवाल्याला खुर्ची नसते.

म्हणूनच रामनगरपासून शक्तिनगरपर्यंत आणि नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत, राज्य महामार्गालगतच्या वस्त्यांची मागणी एकसारखीच असली पाहिजे. रस्त्याची आखणी अंतिम होण्यापूर्वी नकाशा व रुंदीचे अभिलेख गावात, गावाच्या भाषेत जाहीर व्हावेत. ग्रामसभा आणि मोहल्ला सभा यांच्यापुढे पर्यायी मार्ग मांडले जावेत. संपादन होवो वा न होवो, ज्याची उपजीविका रस्त्याच्या कडेवर आहे त्याची नोंद व्हावी आणि पाडण्याआधी त्याला पर्यायी जागा मिळावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालाचा क्रम पाळल्याचे लेखी प्रमाण प्रत्येक ठिकाणी मागितले जावे. पादचाऱ्यांसाठी ओलांडण्याची सोय हा कंत्राटाचा पहिला टप्पा असावा, उद्घाटनानंतरचे आश्वासन नव्हे. आणि सार्वजनिक जमिनीवर टोल वसूल करणाऱ्या प्रत्येक कंपनीचा जमाखर्च त्या जमिनीवरच्या जनतेला पाहता यावा.

या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. बहुतेक गोष्टी कायद्याच्या पुस्तकात आधीच आहेत. परंतु कायद्यातील ओळ आणि भिंतीवरची लाल खूण यांच्यातील अंतर संघटित जनताच भरून काढू शकते. सामने घाटाचा पूल दाखवितो की जनता रस्त्याच्या आड नाही. तिला रस्ता हवाच आहे. तिचे म्हणणे एवढेच आहे की रस्ता तिच्या घरापर्यंत यावा, तिच्या घरावरून जाऊ नये.